जंगलाला किती वर्षं सोडायचं? माया गावांत वनसंवर्धन शिकायला जाणाऱ्यांसाठी

शाश्वत विकास किंवा वनशास्त्र शिकायला मेक्सिको-ग्वातेमालातल्या माया लोकांच्या प्रदेशात जाणारा विद्यार्थी सहसा दोन गोष्टींची तयारी करून निघतो: झाडं ओळखायची आणि मुलाखती घ्यायची. दोन्ही लागतात. पण तिथलं जंगल उलगडतं ते मुदतींमधून. शेत करून झाल्यावर जमीन किती वर्षं सोडली, चिकलचं (च्युइंगमच्या डिंकासाठी चीक देणारं) झाड एकदा चिरल्यावर पुन्हा कधी चिरलं, महॉगनीच्या एका कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, परत करवत कधी लागणार. या मुदती पाळल्या गेल्या तिथं जंगल उभं आहे, आणि त्या आखूड झाल्या तिथं ते विरळ होत गेलं आहे. हा हिशेब नीट समजून घेतल्याशिवाय संशोधनाचा विषय ठरवू नये, असं मी आग्रहानं सांगेन.

उदाहरण म्हणून मेक्सिकोतलं किंताना रो राज्य घेऊ. युकातान द्वीपकल्पाच्या पूर्व अंगाला असलेल्या या राज्याच्या मधोमध फेलिपे कारियो पुएर्तो हे शहर आहे आणि त्याच्या भोवती माया गावं पसरली आहेत. तुलुमचा गजबजलेला किनारा इथून फार लांब नाही, पण आतल्या गावांचं जग निराळं आहे. 1847 मध्ये सुरू झालेल्या माया उठावात हेच शहर, तेव्हाचं चान सांता क्रूझ, बंडखोरांची राजधानी झालं. मेक्सिकन सैन्यानं ते ताब्यात घेतलं 1901 मध्ये. बाहेरून आलेल्या कागदाकडे आणि माणसाकडे गावातली वयस्क मंडळी जपून बघतात, त्याला हा इतिहास आहे.

जमीन इथं एहिदोची. राज्यक्रांतीनंतर 1917 च्या संविधानातल्या 27 व्या कलमातून ही व्यवस्था उभी राहिली. मालकी सामूहिक, निर्णय सभासदांच्या सभेचा. कारभार तीन वर्षांसाठी निवडलेल्या अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघांकडे. या मंडळाला कोमिसारियादो म्हणतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला वेगळी समिती असते. 1992 मध्ये कायदा बदलला आणि एहिदोची शेतजमीन सभासदांच्या नावे करून घ्यायची वाट मोकळी झाली, पण जंगलाचे तुकडे पाडायला त्याच कायद्यात मनाई आहे. पेत्काकाब, शहासिल अशा एहिदोंकडे प्रत्येकी पन्नास हजार हेक्टरच्या आसपास क्षेत्र आहे. आपल्याकडच्या गावशिवाराचं माप इथं लावू नये.

1983 पर्यंत या भागातली महॉगनी तोडायचा परवाना एका मोठ्या कंपनीकडे होता. लाकूड गावाच्या जमिनीवरचं, पण गावाच्या हाती पडायची ती घनमीटरमागे किरकोळ रक्कम. त्या वर्षी परवाना संपला, गावांनी तो पुन्हा द्यायला विरोध केला आणि जर्मन तांत्रिक मदतीनं एक पथदर्शी वनयोजना सुरू झाली. योजनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कागदावर अगदी साधी होती: प्रत्येक एहिदोच्या सभेनं ठराव करून 'कायमचं जंगल' आखून घ्यायचं, आणि त्या हद्दीत शेतीसाठी कधीही तोड करायची नाही. आज उपग्रहचित्रात किंताना रोच्या मध्यभागी सलग हिरवा पट्टा दिसतो, त्यात त्या ठरावांचा मोठा वाटा आहे.

मिल्पा: दोन वर्षं शेत, पुढची पंधरा वर्षं जंगल

मका, घेवड्याच्या जातीच्या शेंगा आणि भोपळा एकत्र घेण्याच्या शेतीला मिल्पा म्हणतात. आपल्याकडे सह्याद्रीत कुमरी होती, त्याच कुळातली ही फिरती शेती. 2022 मध्ये युकातानच्या माया मिल्पाला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. पण वारसा म्हणून फोटो काढण्यापेक्षा ती कशी चालते ते पाहणं जास्त मोलाचं.

माप मेकातेत. 20 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद तुकडा म्हणजे एक मेकाते, असे 25 झाले की एक हेक्टर. एक कुटुंब साधारण 50 ते 100 मेकाते करतं. जागा निवडताना शेतकरी आधी माती बघतो. चुनखडीच्या उंचवट्यावर दगडांच्या फटींत काळी माती, सखल भागात लाल, आणि जिथं पावसाचं पाणी साचून राहतं तिथली चिकणमाती मक्याला टाळायची. हे सगळं काही मीटरच्या अंतरात बदलतं. त्यामुळे शेतात मध्येच एक नमुना घेऊन 'या गावची माती अशी' असं लिहिणारा अहवाल चुकतोच. नमुने मातीच्या माया वर्गवारीप्रमाणे वेगळे घ्या, एकात एक मिसळू नका.

तोड पावसाळ्याच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत चालते. बुंधे जमिनीलगत कापत नाहीत; गुडघ्यापासून कमरेपर्यंत ठेवतात, म्हणजे खुंटांना फुटवे येतात आणि शेत सोडल्यावर जंगल बियांची वाट न बघता मुळांवरून उठतं. छपराची ताडपानं देणारी झाडं, चिकल, रामोन अशी उपयोगाची झाडं उभी ठेवतात. यांत्रिक करवतीनं आणि घाईनं तोड झाली की बुंधे खाली जातात. ट्रॅक्टर लावून मुळं उपटली तर उगवण जवळपास पूर्ण बियांवर येऊन पडते आणि तिथं गवत आधी जागा धरतं. शेत सोडून पाच वर्षं झालेल्या दोन शेजारच्या तुकड्यांत एवढा फरक का, याचं उत्तर बऱ्याचदा बुंध्याच्या उंचीत सापडतं. ही उंची मोजायला दोन मिनिटं लागतात, तरी फार थोडे लोक ती नोंदवतात.

जाळायचं एप्रिल-मेमध्ये. त्याआधी कडेनं दोन ते तीन मीटरचा पट्टा पालापाचोळा झाडून उघडा करतात, वाऱ्याची दिशा बघतात, शेजारच्या शेतवाल्याला सांगतात. फार लवकर जाळलं तर ओली लाकडं अर्धवट जळतात. उशीर केला आणि पहिली सर येऊन गेली तर वर्ष हातचं जातं. त्या धास्तीनं भरदुपारी पेटवलं की आग हद्द ओलांडते. 1988 च्या सप्टेंबरात गिल्बर्ट वादळानं उत्तर किंताना रोमधलं जंगल आडवं केलं, आणि पडलेलं लाकूड सुकल्यावर 1989 च्या उन्हाळ्यात तिथं लाखाहून अधिक हेक्टर जळालं. आगीचा अभ्यास करायचा तर वादळानंतरचा पहिला उन्हाळा धरून करा.

पाऊस लागला की टोकदार काठीनं भोक पाडून त्यात मक्याचे चार-पाच दाणे, सोबत शेंगांचं आणि भोपळ्याचं बी. मक्याच्या जाती मुद्दाम मिसळतात: एक साधारण दोन महिन्यांत कणसावर येणारी, एक चार महिने घेणारी. जुलै-ऑगस्टमध्ये पावसात खंड पडतो. तो लवकर पडला तर एक वाचते, उशिरा पडला तर दुसरी. उत्पन्न हेक्टरी टनाच्या आतबाहेर. कृषिविद्यापीठात शिकलेल्याला हा आकडा दरिद्री वाटेल. पण खत शून्य, नांगर नाही, आणि त्याच जमिनीतून भोपळा, शेंगा, पुढं फांद्यांचं सरपण आणि मधमाश्यांचा फुलोरा मिळतो. नुसता मका तोलून मिल्पा मोजणं ही पद्धतीची चूक आहे.

दुसऱ्या वर्षी उत्पन्न घसरतं, त्याला तण हे मोठं कारण असतं. मग जमीन सोडायची. पूर्वी ही मुदत पंधरा-वीस वर्षांची असे. दाट वस्तीच्या गावांत ती दहाच्याही खाली आली आहे. मुदत आखूड झाली की जाळण्याजोगं लाकूड कमी, राख कमी, आणि तणाचं बी जमिनीत जिवंत राहिलेलं. मग तणनाशक येतं, आणि तणनाशकानं शेंगा आणि भोपळा मरतात म्हणून एकटा मका उरतो. मिल्पा मोडते ती अशी, एकेका पायरीनं.

सोडलेल्या जमिनीचं वय कसं काढायचं? 'किती वर्षं झाली?' असं विचारलं तर पाच, दहा, पंधरा अशी गोल उत्तरं मिळतात. वादळांवरून विचारा. 2007 च्या ऑगस्टमधल्या डीन वादळाच्या आधी इथं मका होता का? तुमचा कोणता मुलगा तेव्हा जन्मला होता? नंतर लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं काढून ताडून बघा. ती फुकट मिळतात. इथं एक सापळा आहे. जगभर वापरला जाणारा वृक्षाच्छादन-घटीचा ऑनलाइन नकाशा मिल्पासाठी तोडलेलं जंगल 'घट' म्हणून मोजतो, पण नंतर उगवलेलं त्यातून वजा करत नाही. वीस वर्षांची बेरीज केली की फिरती शेती करणारं गाव कुरण करणाऱ्या गावाइतकंच गुन्हेगार दिसतं. या एका आकड्यावर उभे राहिलेले प्रबंध गावाचं खरंच नुकसान करतात.

महॉगनी: 55 सेंटिमीटरचा हिशेब

पथदर्शी योजनेतलं गणित असं होतं. महॉगनीच्या झाडाला तोडण्याजोगं व्हायला 75 वर्षं लागतात असं धरलं. त्याचे 25 वर्षांचे तीन फेरे. कायमच्या जंगलाचे 25 कूप पाडायचे, दर वर्षी एका कूपात काम. छातीच्या उंचीवर व्यास 55 सेंटिमीटर किंवा अधिक असलेली झाडं या फेऱ्यात, 35 ते 54 मधली पुढच्या, 15 ते 34 मधली तिसऱ्या.

आता यात दडलेलं गृहीत बघा. 35 सेंटिमीटरचं झाड 25 वर्षांत 55 व्हायला हवं, म्हणजे वर्षाला सरासरी 8 मिलिमीटर वाढ. तीच झाडं पुन्हा पुन्हा मोजण्यासाठी आखलेल्या कायमस्वरूपी प्लॉटमधल्या मोजण्यांत बरीच झाडं त्याहून हळू वाढताना दिसली; त्यावरून 55 सेंटिमीटर गाठायला शंभराहून अधिक वर्षं लागत असावीत असा अंदाज पुढं आला. त्यामुळे दुसऱ्या फेऱ्यात हाती येणारं लाकूड पहिल्यापेक्षा कमी असणार. अनेक एहिदोंनी त्याआधीच महॉगनीचं वार्षिक प्रमाण कमी केलं आणि चिकल, त्सालाम, कातालोश अशा कमी किमतीच्या कठीण लाकडांकडे वळले. ती विकली जातात, पण भाव कमी, करवतीची पाती लवकर बोथट होतात आणि वाळवायला जास्त वेळ लागतो.

अधिक मोठा प्रश्न रोपांचा आहे. महॉगनीची फळं उन्हाळ्यात फुटतात आणि पंखवालं बी वाऱ्यावर जातं, पण फार लांब नाही. बहुतेक बी झाडापासून काही दहा मीटरांतच पडतं, आणि पूर्वेच्या वाऱ्यामुळे पश्चिमेकडे जास्त. तोडही कोरड्या दिवसांतच चालते, कारण पावसाळ्यात ओंडके ओढायची यंत्रं चिखलात रुततात. फळ फुटण्याआधी झाड पडलं तर त्या कूपातलं त्या वर्षीचं बी संपलं. ज्या कूपात काम होणार तिथली तोड बी पडून गेल्यावर करावी, किंवा पश्चिमेला मोकळी जागा असलेली काही जाडजूड झाडं बियाण्यासाठी राखावीत. हे सगळ्यांना पटतं, पण ओंडके खरेदी करणाऱ्याची आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असेल तर पाळलं जात नाही.

आणि बी पडलं तरी पुरत नाही. महॉगनीच्या रोपाला ऊन हवं. एक झाड पाडून जंगलात पडलेली फट दोन-तीन वर्षांत वरून मिटते आणि सावलीत रोप मरतं. तोडलेल्या जागी सावलीतच रोपं लावायचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला, त्यातली बरीच रोपं अशीच गेली. प्रयोगांत सगळ्यात चांगली वाढली ती सुमारे अर्धा हेक्टर पूर्ण उघडा करून जाळलेल्या तुकड्यांत, म्हणजे मिल्पासारख्या जागेत. महॉगनी हे मुळातच वादळ आणि आगीनंतर उगवणारं झाड आहे. ज्या शेतीवर जंगल खाल्ल्याचा आरोप होतो तीच शेती, पुढं पुरेशी वर्षं सोडली तर, महॉगनीची रोपवाटिका होते. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि धोरणात ते अजून पुरेसं उतरलेलं नाही. कायमच्या जंगलात शेतीला बंदी करणारा ठराव योग्यच होता, पण त्यामुळे महॉगनीला हवी तशी उघडी जागाही तिथं कमी झाली. प्रबंधासाठी याहून चांगला प्रश्न शोधावा लागणार नाही.

एकट्या महॉगनीची लागवड हा सोपा वाटणारा तोडगा शेंडा पोखरणाऱ्या अळीमुळे बसत नाही. अळी शेंडा खाते, झाडाला खालूनच दोन-तीन फांद्या फुटतात आणि सरळ ओंडका मिळत नाही. झाडं विरळ आणि इतरांत मिसळलेली असली की उपद्रव कमी होतो.

मोजणीबद्दल एक सूचना भारतातून जाणाऱ्यांसाठी खास. आपल्याकडे छातीची उंची 1.37 मीटर धरतात, मेक्सिकोत 1.30 मीटर. आपलं वनखातं घेर मोजतं, तिथं व्यास. 55 सेंटिमीटर व्यास म्हणजे सुमारे 173 सेंटिमीटर घेर. नोंदवहीत कोणतं माप आहे हे प्रत्येक पानावर लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी घेर आणि व्यासाची सरमिसळ निस्तरता येत नाही. बुंध्याला आधारमुळं असतील तर ती संपतात तिथून 30 सेंटिमीटर वर माप घ्या. 500 चौरस मीटरच्या गोल प्लॉटची त्रिज्या 12.62 मीटर, दाट झुडपात दोरी झाडांना वळसे घेत जाते आणि प्लॉट नकळत लहान होतो, म्हणून दोरी मध्यावरून प्रत्येक वेळी नव्यानं ताणा.

चिकल आणि चिकू

डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकू आणि इथलं चिकल देणारं झाड एकच. आपण फळ खातो, इथं खोडाचा चीक काढतात. चिक्लेरो, म्हणजे चीक काढणारा, दोरी आणि पायातल्या खिळ्यांच्या आधारानं चढतो आणि माचेतेनं, म्हणजे लांब कोयत्यानं, खालून वर नागमोडी चिरा पाडत जातो. चीक चिरांतून वाहत खालच्या पिशवीत येतो. काम पावसाळ्यात आणि पहाटे, कारण उन्हात चीक आटतो. एका झाडातून साधारण किलोभर. तो कढईत सतत ढवळत आटवून ठोकळे पाडतात. चिर सालीपुरतीच राहायला हवी. ती आतल्या लाकडाला लागली, किंवा खोडाभोवती पूर्ण फिरली, तर झाड वाळतं. चिरल्यावर झाडाला पाच ते आठ वर्षं विश्रांती द्यायची. भाव चढला की ही मुदत आधी मोडली जाते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम डिंक आल्यावर भाव पडला तेव्हा झाडांना विश्रांती मिळाली पण गावांची मिळकत गेली. खोडावरच्या जुन्या चिरांचे वण वर्षानुवर्षं दिसतात. झाडाचा इतिहास वाचायला ते पुरेसे असतात.

सीमेपलीकडचं पेतेन

तुलनेसाठी ग्वातेमालाचं पेतेन बघायलाच हवं. तिथं 1990 मध्ये सुमारे 21 हजार चौरस किलोमीटरचं माया जैवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं. जमीन सरकारची. मधल्या बहुउपयोगी पट्ट्यात गावांना 25 वर्षांच्या कराराने जंगल सांभाळायला दिलं. अट अशी की ठरावीक काळात आंतरराष्ट्रीय वनप्रमाणपत्र मिळवायचं. कार्मेलिता, वाशाक्तून ही त्यातली माहितीतली नावं; वाशाक्तूनकडे 83 हजार हेक्टरहून अधिक. तिथले रहिवासी सगळे माया नाहीत, बरेच चिकलच्या कामासाठी आलेल्यांचे वंशज आहेत. 'माया जंगल' या शब्दावर आपलं गृहीत बसवण्याआधी हे तपासा.

या करारांखालच्या जंगलात तोड अत्यल्प राहिली, आणि त्याच राखीव क्षेत्रातलं लागुना देल तिग्रे हे कडक संरक्षणाचं राष्ट्रीय उद्यान मात्र गुरांच्या कुरणांनी पोखरलं गेलं. हा दाखला सगळीकडे दिला जातो आणि तो खरा आहे. पण चांगल्या अभ्यासकानं सान मिगेल आणि ला पासादिता इथले रद्द झालेले करारही वाचावेत. ती गावं रस्त्यालगतची, शेतकऱ्यांची, जंगलातून फारसं उत्पन्न नसलेली. जमीन हातोहात विकली गेली आणि करार कागदावर उरला. नुसता हक्क पुरत नाही, त्या हक्कातून चूल पेटावी लागते.

पेतेनमध्ये शाते नावाच्या लहान ताडाची पानं परदेशी फुलवाल्यांना विकतात. पूर्वी नगावर पैसे मिळत, म्हणून दिसेल ते पान कापलं जाई आणि गोदामात निम्मं फेकलं जाई. चांगल्या पानाचे पैसे द्यायला लागल्यावर कापणी घटली आणि मिळकत टिकली. कापताना मधला कोवळा सुरळीचा कोंब कापायचा नाही आणि दोन-तीन पानं झाडावर ठेवायची. तेंदूपत्त्याचा हंगाम पाहिलेल्या माणसाला दर ठरवण्याच्या पद्धतीचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

गडचिरोलीत काम केलेल्यांना इथं खरी तुलना सापडते. मेंढा-लेखाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. आपल्या कायद्यातला हक्क 25 वर्षांनी संपत नाही. पेतेनमध्ये नूतनीकरणासाठी गावांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. उलट आपल्या कायद्यात गौण वनोपज आहे, इमारती लाकूड नाही, तर मेक्सिकन एहिदो स्वतःची महॉगनी स्वतः विकतो आणि तिचा धोकाही स्वतः घेतो. दोन्हीकडे सभेत कोण बसतं हा प्रश्न सारखाच आहे. एहिदोत मत फक्त नोंदलेल्या सभासदाला, आणि सभासदत्वाचा वारस एकच. धाकटी भावंडं आणि बहुतेक बायका बाहेर राहतात. मुलाखतींची यादी सभासदांच्या पटावरून काढली तर निम्मं गाव आपोआप गळतं.

जायची तयारी

संस्था बघायच्या तर चेतुमाल आणि सान क्रिस्तोबालला केंद्रं असलेलं एकोसूर, मेरिदाचं सिसी हे वैज्ञानिक संशोधन केंद्र, आणि होसे मारिया मोरेलोस गावातलं माया आंतरसांस्कृतिक विद्यापीठ. पेतेनचा विषय असेल तर कोस्टा रिकातलं कातिए. स्पॅनिश किमान मध्यम पातळीची हवीच. सभा युकातेक मायात चालते, ही भाषा बोलणारे साडेसात लाखांहून अधिक आहेत. अभिवादन आणि झाडांची माया नावं शिकून गेलात तरी खूप काम सोपं होतं. झाडांच्या बाबतीत शास्त्रीय नावापेक्षा माया नाव आधी विचारा.

180 दिवसांहून अधिक राहायचं असेल तर विद्यार्थी म्हणून तात्पुरत्या निवासाचा व्हिसा लागतो आणि पोचल्यावर 30 दिवसांच्या आत त्याचं निवासपत्रात रूपांतर करून घ्यावं लागतं. ही मुदत चुकली तर पुढचं सगळं अडकतं. पानं, बिया, माती असे नमुने गोळा करायचे तर पर्यावरण मंत्रालयाचा संकलन-परवाना वेगळा. जैविक संसाधनं वापरण्याची परवानगी आणि त्यातल्या लाभाचं वाटप ठरवणाऱ्या नागोया कराराचा मेक्सिको भाग आहे, त्यामुळे गावाची माहितीपूर्वक संमती हा औपचारिक कागद आहे, तोंडी होकार चालत नाही.

गावात पहिल्यांदा कोमिसारियादोला भेटा, मग सभेत विषय मांडायची वेळ मागा. आधी ओळखीच्या घरी राहून मुलाखती सुरू केल्या आणि परवानगी नंतर मागितली, तर ती नाकारली जाण्याची शक्यता मोठी. मांडणी पाच मिनिटांत व्हावी: काय मोजणार, कुठं, किती दिवस, वाटाड्याला रोज किती, आणि गावाला काय मिळणार. मजुरी गावातल्या दरानं द्या; जास्त दिली तर पुढच्या विद्यार्थ्याचं आणि शेतकऱ्यांचंही गणित बिघडतं. मे अखेर ते जून पेरणीत कोणी रिकामं नसतं, एप्रिल-मे धुराचे दिवस. जंगलातल्या मोजणीला डिसेंबर ते मार्च उत्तम.

जंगलात शिरण्याआधी चेचेम हे झाड ओळखायला शिका. सालीवर काळे डाग, आणि चीक अंगाला लागला की बिब्बा उतल्यासारखे फोड. दोन्ही एकाच कुळातली. पावसात त्याच्याखाली उभं राहू नये. चाका नावाचं तांबूस, सोलवटलेल्या सालीचं झाड बहुधा जवळपास असतं, लोक त्याचा रस लावतात. कानावर किंवा चेहऱ्यावर काही आठवडे न भरणारी लहान जखम दिसली तर लिश्मेनियाची तपासणी करून घ्या. वाळूमाशीच्या चाव्यानं होणाऱ्या या व्रणाला चिक्लेरोंचंच नाव आहे, आणि तो कानाची पाळी खातो. लांब बाह्या आणि संध्याकाळी माश्या दूर ठेवणारं मलम, एवढ्यानं धोका बराच कमी होतो.

सध्याच्या योजनांवर काम करणार असाल तर 'सेम्ब्रांदो विदा' नक्की बघा. 2019 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अडीच हेक्टरवर झाडं आणि पिकं एकत्र लावणाऱ्याला सुरुवातीला महिना 5,000 पेसो मिळत. पात्रतेसाठी जमीन मोकळी हवी. सोडलेलं मिल्पा-जंगल कागदावर मोकळी जमीनच दिसतं, म्हणून काही ठिकाणी दहा-बारा वर्षं वाढलेलं जंगल कापून त्यात रोपं लावली गेली. उलट टोकाला पर्यावरण-सेवेच्या मोबदल्याचे करार आहेत, ज्यात काही वर्षं तोडच करायची नाही. त्यातून कुटुंबाची मिल्पाची जागा जाते. दोन्ही योजनांना विश्रांतीतली जमीन दिसत नाही. त्यात 2023 पासून धावू लागलेल्या त्रेन मायामुळे रेल्वेमार्गालगत जमिनीचे भाव चढले आहेत, आणि एहिदोच्या सभांत आता लाकडाइतकीच जमीनविक्रीची चर्चा असते.

माहिती परत देताना नकाशा मोठ्या कागदावर छापा, मापं मेकातेत लिहा, मजकूर स्पॅनिश आणि माया दोन्हीत ठेवा. जाड महॉगनीची आणि जुन्या अवशेषांची नेमकी जागा प्रकाशित नकाशात दाखवू नका, लाकूडचोर आणि मूर्तिचोर तोच नकाशा वाचतात. सादरीकरण प्रबंध जमा करण्याआधी व्हावं, म्हणजे सभेनं दाखवलेली चूक दुरुस्त करता येते. एक प्रत कोमिसारियादोच्या कपाटात ठेवा, आणि एक एहिदोच्या वनतज्ज्ञाकडे. तीन वर्षांनी मंडळ बदलतं आणि कपाटातले कागद बऱ्याचदा जुन्या अध्यक्षाच्या घरी जातात.